रुमालाखालचा भाव

पुण्याच्या शनिवारवाड्याजवळच्या एका भागाला लोक अजून ‘जुनी मंडई’ म्हणतात. तेथे मंडई नाही. वाहनांची गर्दी आहे, दुकाने आहेत आणि घाईने जाणारी माणसे आहेत. मेथीची एक जुडी तेवढी दिसायची नाही. गावाची स्मरणशक्ती कागदपत्रांत असते तशी ती अशा नावांतही असते. एकोणिसाव्या शतकात शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात पुण्याचा भाजीबाजार भरे. पेशवाई गेली होती, वाडा जळून गेला होता, पण त्याच्या दारासमोर वांगी, मुळे, कोथिंबीर, केळी आणि फुले यांचे राज्य मात्र सुरळीत चालू होते. ऊन लागले की पाटीवर ओले फडके टाकावे, पाऊस आला की पाटीच डोक्यावर घ्यावी, अशी एकंदर व्यवस्था. विकणाऱ्यांत बहुतेक जण आसपासच्या मळ्यांतले माळी, कुणबी आणि त्यांच्या बायका. सकाळी खुडलेला माल दुपारच्या आत पुण्याच्या चुलीवर चढत असे.

दिवाळीच्या तोंडावर फराळाचे सोडून मी भाजीचा इतिहास का उगाळतो आहे, असे वाचक म्हणतील. पण दिवाळी म्हटली की दाराला झेंडूचे तोरण आले, देवापुढे शेवंती आली, आणि चार दिवस गोडधोड झाल्यावर पाचव्या दिवशी साध्या पालेभाजीची आठवणही आलीच. या वस्तू येतात कोठून आणि त्यांचे पैसे जातात कोठे, हे एकदा पाहायला काय हरकत आहे?

आरंभ फुलांपासून करतो, कारण या हकिकतीत एका मोठ्या माणसाचे आडनावच फुलांवरून पडलेले आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तेथून ते पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले आणि पुढे पुण्यास. जोतीरावांचे आजोबा शेटिबा आणि त्यांचे तीन मुलगे राणोजी, कृष्णा व गोविंद यांनी पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवण्याचे काम मिळवले. फुलांचे हारगजरेच नव्हेत, तर फुलांच्या गाद्या आणि तक्केसुद्धा ही मंडळी तयार करीत, असे चरित्रकार सांगतात. पेशवे खूष झाले आणि त्यांनी ३५ एकर जमीन इनाम दिली. लोक गोऱ्ह्यांना ‘फुले’ म्हणू लागले. पुढे थोरल्या राणोजींनी ती सारी जमीन आपल्याच नावे ठेवली आणि धाकट्या भावांना बाहेर काढले. गोविंदरावांनी मग भाजी आणि फुले विकून संसार उभा केला. म्हणजे जोतीराव लहानाचे मोठे झाले ते ज्या घरात मळा, पाटी आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी रोजच्या होत्या अशा घरात. भाजीवाल्याच्या बाजूने त्यांनी पुढे जे लिहिले ते ऐकीव नव्हते.

जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्याच सुमारास नगरपालिकेने नवी, पक्की, भव्य मंडई बांधायचे ठरवले. शहराला शोभा येईल, स्वच्छता राहील, माल उन्हापावसात नासणार नाही. कारणे सगळी चांगलीच होती. जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला. गरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि इमारतीला मात्र आहे, ही गोष्ट त्यांना पटेना. विरोधाचा काही उपयोग झाला नाही. वॉल्टर ड्युकाट या इंग्रज अधिकाऱ्याने आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकाम केले, आणि १८८६ साली दगडी मनोऱ्याची, आठ बाजूंना हात पसरलेली ती इमारत उभी राहिली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ असे नाव पडले. आता मौज पाहा. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला जे नाव मिळाले ते महात्मा फुले यांचे! ज्याने बांधू नका म्हटले त्याच्याच नावाने ती आज ओळखली जाते. स्वतः अत्रे सासवडच्या बाजूचे, पुरंदर तालुक्यातले. आपल्या मुलुखातली अंजिरे आणि सीताफळे ज्या मंडईत येतात तिला आपल्या मुलुखाशी नाते असलेल्या माणसाचे नाव द्यावे, असेही त्यांच्या मनात आले असेल. पण हा माझा नुसता तर्क आहे.

मला स्वतःला ती इमारत फार आवडते. पहाटे तिच्या कमानींखालून उजेड येतो आणि खाली लाल टोमॅटोंचे ढीग पेटल्यासारखे दिसतात, तेव्हा जोतीरावांचा विरोध क्षणभर विसरायला होतो. परंतु इमारतीत गाळे असतात, गाळ्यांना भाडे असते आणि भाडे भरायला रोज बसणारा माणूस लागतो. मळ्यात राबणारा माणूस रोज गाळ्यावर बसू शकत नाही, आणि गाळ्यावर बसणारा मळ्यात राबू शकत नाही. उघड्या पटांगणात जो पिकवणारा तोच विकणारा होता, तो छपराखाली आल्यावर हळूहळू दोन माणसांत विभागला गेला. एका इमारतीने हे केले असे मी म्हणत नाही. शहर वाढले की हे होतेच. पण पुण्यापुरती ती खूण १८८६ सालाची आहे.

या इमारतीचे काम चालू होते तेव्हाच, १८८३ मध्ये, जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. तो त्यांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तो ऐकला, तसा हडपसरच्या शेतकऱ्यांनीही ऐकला. हडपसर म्हणजे त्या काळी पुण्याचा भाजीचा मळाच. त्या पुस्तकात एक जागा आहे. शेतकरी गाडीभर भाजीपाला घेऊन पुण्याला येतो. नाक्यावर जकात द्यावी लागते, बाजारात मध्यस्थ आपला वाटा काढून घेतो, इतर देणी असतातच; आणि शेवटी गाडीभाडेसुद्धा पदरचे भरून त्याला रिकाम्या हाताने मुलाबाळांकडे परतावे लागते. जोतीरावांनी ही जागा रागाने लिहिली आहे, आणि हडपसरच्या श्रोत्यांना त्यात नवे काहीच वाटले नसेल.

खडकवासल्याचे धरण आणि मुठेचा कालवा या काळातच झाला होता. त्या धरणाच्या कामाशी जोतीरावांचा कंत्राटदार म्हणून संबंध होता, आणि मांजरीला त्यांनी स्वतः शेतीही केली. कालव्याच्या पाण्याने हडपसर-मांजरीच्या बाजूला बागायत फुलली. पाणी आले, पीक आले. प्रश्न राहिला तो बाजाराचा.

बाजाराचा प्रश्न म्हणजे काय, हे ज्यांनी घाऊक बाजार पाहिला नाही त्यांना सांगायला हवे. आपल्याकडच्या अनेक बाजारांत पूर्वी ‘हत्ता’ पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहत, दोघांच्या हातांवर एक रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकलेला असे, आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरे. किती बोटे, कोणते पेर, कितीदा दाबले, ही सगळी भाषा त्या दोघांची. ज्याने पीक काढले तो शेजारी उभा राहून त्या रुमालाकडे पाहत असे. रुमाल दूर झाला की त्याला त्याच्या मालाचा भाव कळे. आणि जो कळे तोच ठरला होता की दुसरा काही, हे विचारण्याची सोय नसे. नंतर त्या भावातून अडत वजा होई, हमाली वजा होई, तोलाई वजा होई, आणि वजनात घट धरून कडताही कापला जाई. उरलेल्या रकमेची चिठ्ठी, म्हणजे ‘पट्टी’, त्याच्या हाती पडे.

सरकारने या रुमालाचा विचार केलाच नाही असे नाही. योगायोग असा, की पुण्यात मंडई उघडली त्याच १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला असे मानतात. पण त्यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, हे कारण मोठे. भाजीपाल्याला मँचेस्टर नव्हते, म्हणून त्याचा नंबर पुष्कळ उशिरा लागला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापसाच्या बाजारांसाठी आणि १९३९ साली शेतमालाच्या बाजारांसाठी कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला. उघडा लिलाव, खरे वजन, लेखी पट्टी ही या कायद्यांची देणगी, आणि ती लहान नाही. रुमाल गेला. शेतकऱ्याला निदान आपल्या मालाचा भाव कानांनी ऐकता येऊ लागला.

येथे अडत्याची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. मुलीच्या लग्नाला, विहिरीच्या मोटारीला, औषधाच्या फवाऱ्याला जो पैसा बँक देत नाही तो पुष्कळदा अडत्या देतो. माल कितीही येवो, तो विकून देण्याची जबाबदारी त्याची. भाजी रात्री आठला आली तरी ती सकाळी सातच्या आत शंभर ठिकाणी पोचवणे हे सोपे काम नव्हे. पुण्यामुंबईसारखी शहरे त्याच्यावाचून एक दिवस जेवणार नाहीत. फक्त उचल घेतलेल्या शेतकऱ्याला माल दुसरीकडे नेता येत नाही. रुमाल गेला तरी ही गाठ तशीच राहिली.

मी खेड्यात शिकवीत असताना व्यवहारी गणितासाठी मुलांना घरून खऱ्या पट्ट्या आणायला सांगत असे. क्रमिक पुस्तकातले व्यापारी फार प्रामाणिक असतात आणि त्यांचा नफा नेहमी पूर्णांकात येतो, म्हणून मला हा उपाय बरा वाटे. एकदा एका मुलाने कोबीची पट्टी आणली. सगळी वजाबाकी फळ्यावर मांडून झाली आणि उत्तर शून्याच्या खाली गेले. म्हणजे कोबी नेऊन देणाऱ्यानेच बाजाराला काही रुपये देणे लागत होते. वर्गातली पोरे हसली. तो मुलगाही हसला. ऋण संख्या शिकवायला इतके चांगले उदाहरण मला पुन्हा मिळाले नाही, आणि ते मी पुन्हा कधी वापरलेही नाही.

ही जुनी गोष्ट आहे असे वाटत असेल तर एक अलीकडची सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. गाडीभाडे, हमाली, तोलाई जाऊन त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश आला. वर्तमानपत्रांतून ती बातमी देशभर गेली. १८८३ आणि २०२३. मध्ये १४० वर्षे. जोतीरावांची ती जागा शाई ओली असल्यासारखी वाटते. हा केवळ एखाद्या दिवसाचा अपघात म्हणावा, तर २०२४ साली रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी केलेला हिशेबही पाहावा. गिऱ्हाईक जो एक रुपया देते त्यातले टोमॅटो पिकवणाऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांदा पिकवणाऱ्याला ३६ पैसे आणि बटाटा पिकवणाऱ्याला ३७ पैसे मिळतात, असे त्यांना आढळले. उरलेले पैसे सगळे कोणाच्या खिशात जातात असे नाही; त्यांतले पुष्कळसे वाटेत सडतात, डिझेलमध्ये जळतात आणि चार वेळा चढवण्याउतरवण्यात सांडतात.

आणि म्हणूनच जवळच्या मळ्यातला माल जवळच्या माणसाने घेणे ही गोष्ट मला दिसते त्याहून मोठी वाटते. दोन हात कमी झाले की दोन वजाबाक्या कमी होतात, हे माझ्या सातवीतल्या मुलांनाही कळत होते. शिवाय पालेभाजी ही वस्तू खुडल्या क्षणापासून सुकू लागते. मेथी, चाकवत, अंबाडी यांना प्रवास सोसत नाही. जी भाजी लांबून येते ती चवीसाठी निवडलेली नसते, ती टिकण्यासाठी निवडलेली असते. गाडीत फुटू नये म्हणून टोमॅटोची साल जाड झाली ती याच कारणाने. पुरंदरच्या अंजिराचे पाहा. दिवे, सोनोरी या बाजूचे अंजीर इतके नाजूक, की झाडावर पुरे पिकू द्यावे तर लांब जाईना आणि लांब पाठवायचे तर पुरे पिकू देता येईना. या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण खरे पिकलेले अंजीर मानांकनाने मिळत नाही. ते दिवेघाटाच्या वाटेवर पाटी घेऊन बसलेल्या बाईकडे मिळते. टोपलीत अंजिराचीच पाने अंथरलेली असतात, आणि आपण फळ दाबून पाहू लागलो की ती म्हणते, “गुरुजी, दाबू नका, मी देते ती खावा.” मग तिने दिलेले खावे. ते कधी वाईट निघत नाही, कारण उद्या ती तेथेच बसायची असते आणि आपण त्याच वाटेने जायचे असतो.

पण असे मळे राहिले पाहिजेत ना! पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती छापली. जुन्या दप्तरांवरून त्यांनी दाखवले, की १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. तीही एका जागी नाही, तुकड्यातुकड्यांनी. लोक पोटासाठी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात जाऊ लागले होते. आज पिंपळे सौदागरला जाऊन कोणी शेत दाखवा म्हणाले तर रखवालदार त्याला उंच इमारतीच्या गच्चीवरच्या कुंड्या दाखवील. ज्या हडपसरात ‘असूड’ वाचला गेला तेथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच मगरपट्ट्याची नगरी उभारली. त्यांना मी नावे ठेवणार नाही. जमीन बिल्डराला फुंकून टाकण्यापेक्षा त्यांनी ती आपल्याच कंपनीत ठेवली, हा शहाणपणा थोड्यांना साधला. एवढेच, की हडपसरच्या ज्या काळ्या मातीने चार पिढ्या पुण्याला भाजी खाऊ घातली ती आता डांबराखाली आहे आणि कोथिंबिरीची गाडी दर वर्षी थोडी अधिक लांबून निघते.

फुलांची कथा आणखी नाजूक. झेंडू आणि निशिगंध दोन्ही मूळ मेक्सिकोकडचे. परदेशातून आले आणि असे आपले झाले, की झेंडूवाचून दसरा आणि निशिगंधावाचून वरमाला आपल्याला सुचत नाही. दौंड तालुक्यात यवतच्या बाजूला शेवंती आणि निशिगंध पिकतो. त्याचा शेतकरी अर्धा-एक एकरवाला, आणि तोडणी घरच्या बायकांची, पहाटेच्या काळोखात. फुलाला कांद्यासारखी चाळ नसते. दसऱ्याच्या सकाळी ज्या झेंडूला भाव असतो त्याला संध्याकाळी कोणी हात लावत नाही. मग रस्त्याच्या कडेला केशरी ढीग तसेच टाकून टेम्पो परत जातात आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी ते उचलते. हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला दुकानातल्या प्लास्टिकच्या तोरणाची स्वस्ताई फार स्वस्त वाटत नाही. ते तोरण पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते हे खरे. पण त्याच्यासाठी कोणी पहाटे उठलेले नसते.

२०१६ साली राज्यात फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. त्याच सुमारास शहरांतून शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. त्यांना संत सावता माळी यांचे नाव दिले, हे ज्याने सुचवले त्याला मी मनोमन नमस्कार केला. अरणच्या या माळ्याने पंढरपूर जवळ असून मळा सोडला नाही, देवालाच वाफ्यात पाहिले. या बाजारांतून सगळेच शेतकरी असतात असे नाही; काही ठिकाणी घाऊक बाजारातलाच माल आणून शेतकऱ्याच्या नावाने विकणारेही घुसले. ओळखायची खूण सोपी आहे. ज्याच्याकडे बारा भाज्या आणि सफरचंदेही आहेत तो व्यापारी. ज्याच्याकडे दोनच भाज्या आहेत, त्याही आकाराने वेड्यावाकड्या, आणि “पुढच्या आठवड्यात काय आणणार?” असे विचारल्यावर जो आभाळाकडे पाहून उत्तर देतो, तो शेतकरी.

आमच्या भागातला असा बाजार सकाळी भरतो. दिवाळीच्या आठवड्यात तेथे झेंडू आणि शेवंतीबरोबर साळीच्या लाह्या, शिंदीच्या केरसुण्या, पूजेसाठी उसाची कांडी आणि देवापुढे ठेवायला धणे येतात. पालेभाजी नवाच्या आत संपते. फुलांची पाटी मात्र लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपर्यंत असते. त्यानंतर ती बाई उरलेली फुले मोजत नाही, ओंजळीने देते, आणि धारेची वेळ झाली म्हणून तीनची यष्टी पकडायला निघून जाते.